केडगाव नको, भिंगार नको

अहिल्यानगर, १० नोव्हेंबर २०२५

धनूचे पप्पा,

हे पत्र छगनभाऊंच्या गॅरेजच्या पत्त्यावर टाकते आहे. घरच्या पत्त्यावर टाकलं असतं तर तुमच्या आईनं, आत्याबाईंनी, ते शेजारच्या पोराकडून आधी वाचून घेतलं असतं. फोनवर तुम्ही स्पीकर लावता, मग मी तुमच्याशी बोलते की सगळ्या वस्तीशी तेच कळत नाही. आणि दुपारपासून तर फोन लागतच नाही. धनूला विचारलं. ती म्हणाली, "आई, पप्पांनी तुला ब्लॉक केलंय." केलं असेल. तुमच्या शेजारी बसून कुणी करायला लावलं असेल, असं मी धरून चालते.

सकाळी तुम्ही मला खर्ड्याच्या स्टँडवर एसटीत बसवलंत. खिडकीपाशी येऊन म्हणालात, "माळीवाड्याला उतर. गोरख न्यायला यील. केडगावला त्याच्याच घरी राहा आन वकील सांगतेल तसं बोल. लई डोकं चालवू नको." मी मान हलवली. मी हो म्हणाले असं तुम्ही धरलंत. मी फक्त ऐकलं होतं.

गाडी शहरात शिरली आणि गर्दीत हळू झाली, तेव्हा कंडक्टरला सांगून मी माळीवाड्याच्या अलीकडेच उतरले. गोरक्षनाथ भाऊजी स्टँडवर उभे राहिले असतील. त्यांचे फोन येत होते, मी उचलले नाहीत. चुलत दीर म्हणून त्यांच्याशी माझं काही वाकडं नाही. वहिनींच्या हातचं मी किती वेळा जेवले आहे. पण या वेळी त्यांच्या घरी राहिले असते तर तुमच्या धाकट्या भावाचे, बिभीषण भाऊजींचे, वकील रोज संध्याकाळी तिथं चहाला येऊन बसले असते. तुम्हाला हे माहीत होतं. म्हणूनच तुम्ही केडगाव म्हणालात.

मी सुखरूप आहे. राहायला जागा चांगली मिळाली. आजूबाजूला बायकाच बायका आहेत, दिवा बंद होत नाही, पाण्याची सोय आहे. कुठं, ते विचारू नका. बुधवारी साक्ष आहे. झाली की कळवते.

म्हशीला पेंड भिजवून ठेवली होती, ती घातली का?

सुकन्या

---

अहिल्यानगर, १४ नोव्हेंबर २०२५

धनूचे पप्पा,

साक्ष झाली नाही. बुधवारी सकाळपासून कोर्टाच्या व्हरांड्यात बसून होते. दुपारी शिपायानं सांगितलं, आरोपीचे वकील आजारी आहेत, पुढची तारीख एकोणीस. बिभीषण भाऊजींना पोलिसांनी समोरून नेलं. बारीक झालेत. माझ्याकडे बघून त्यांनी "वहिनी" म्हटलं, नेहमी जेवायला वाढा म्हणायचे त्याच आवाजात. सून म्हणून आल्यापासून मी त्यांना वाढलं आहे, हे मी विसरलेले नाही. ते तिथं विसरता येत नाही, हाच तर त्रास आहे.

गेल्या पत्रात जागा चांगली मिळाली असं लिहिलं, ते खरं नव्हतं. पहिले दोन दिवस मी सरकारी दवाखान्यात राहिले. पेशंटच्या नातेवाइकांसाठी तिथं मोठी शेड आहे. बायका सतरंज्या टाकून पडतात. तुम्ही कोण, कुणाबरोबर आलात, असं कुणी विचारत नाही, कारण सगळ्याच कुणाच्या तरी मागं आलेल्या असतात. मला शेजारच्या बाईनं एवढंच विचारलं, "तुमचं कोण हाय आत?" मी म्हणाले, "जाऊ." तोंडातून निघून गेलं. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात पूजाला त्याच इमारतीतून आपण झाकून आणलं.

तिथं का गेले, तर लॉजवाले मला खोली देईनात. आधी उतरले तिथल्याच एका लॉजवर विचारलं. काउंटरवरचा माणूस माझ्या मागं बघत म्हणाला, "संगं कोन हाय?"

"कोणी नाही."

"एकट्या लेडीजला रूम देत न्हाई आमी."

"आधार कार्ड आहे माझं."

"कार्डाचं न्हाई वो, ताई. काय झालं तर पोलीस आमाला धरत्यात."

दुसऱ्या लॉजवरचा लगेच तयार झाला. कार्डही मागितलं नाही, किती दिवस तेही विचारलं नाही, नुसता किल्ली पुढं करून हसला. मी जिना न चढताच परत फिरले. पन्नाशीला टेकलेली बाई मी. तरी त्या दिवशी कळलं की आपल्याच जिल्ह्याच्या गावात एकटीनं उतरायचं म्हणजे काय. लग्नाला, दवाखान्याला, बाजाराला मी नगरला कितीदा आले असेन, पण प्रत्येक वेळी कुणाच्या तरी पाठीमागं चालत आले. कुठं उतरायचं आणि कुठं राहायचं हे मला कधी ठरवावंच लागलं नव्हतं.

तारीख पुढं गेल्यावर छबूबाई माझ्याजवळ आल्या. पूजाच्या आई. भिंगारला त्यांच्या भावाची खोली आहे, तिथं त्या पूजाच्या मुलीला घेऊन उतरल्या आहेत. मला म्हणाल्या, "तिकडं दवाखान्यात कशापाई पडतीस? चाल माझ्याकडं. एक भाकर जास्त थापीन."

मला रडू आलं. मी पिशवी उचललीही होती. पण सरकारी वकील मॅडमनी ते पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "केडगावला राहिलात तर ते तुम्हाला फिरवतील. भिंगारला राहिलात तर उलटतपासणीत विचारतील की मयताच्या आईच्या घरात जेवता, मग तिच्याच बाजूनं बोलणार ना? दोन्हीकडे राहू नका. कुठं राहायचं ते तुम्ही बघा, मी सांगू शकत नाही."

म्हणजे सगळ्या शहरात ज्या दोन घरांची दारं माझ्यासाठी उघडी होती, तीच दोन सोडून जागा शोधायची. छबूबाईंना मी नाही म्हणाले. त्यांना कारण सांगितलं, पण ते त्यांना पटलं नाही. "तुमचं तसलंच," म्हणाल्या आणि पोरीला कडेवर घेऊन गेल्या. पोर तीन वर्षांची झाली आहे. माझ्या मांडीवर वाढलेली, पण तिनं मला ओळखलं नाही.

मग धनूनं पुण्यात बसून मोबाईलवर शोधायला घेतलं. ती मला एकेक वाचून दाखवत होती. स्टेशनकडं नको, तिथं वस्ती पुरुषांचीच. जुन्या बाजारात नको, आपल्या गावचे व्यापारी तिथं रोज येतात, दुसऱ्या दिवशी घरी खबर जाईल. शेवटी ती म्हणाली, "आई, सावेडीत बघ. तिकडं बायका स्कूटरवर एकट्या फिरतात, कुणी वळून बघत नाही. माझ्या मैत्रिणीची बहीण तिथं एका घरी राहते."

तशी मी सावेडीत आले. रतनबाई म्हणून आहेत, शाळेत शिकवायच्या. वरच्या मजल्यावर सहा मुली ठेवतात, नर्सिंगच्या आणि बँकेच्या परीक्षेच्या. माझ्या कपाळावरचं कुंकू आणि हातातली पिशवी बघून त्यांनी दारातच विचारलं, "घरातून निघून आलात का?"

"नाही. कोर्टात साक्ष आहे."

"कुणाच्या बाजूनं?"

"सरकारच्या."

त्या म्हणाल्या, "एकोणीस तारखेपर्यंत राहा. पण तुमच्या मागं कुणी फाटकाशी आलेलं मला चालायचं नाही." मी बरं म्हणाले.

खोली लहान आहे. खिडकीतून समोरच्या बंगल्याची पाण्याची टाकी दिसते. पहिल्या दिवशी मी सबंध दुपार झोपले. लग्न झाल्यापासून दुपारी अशी झोपल्याचं आठवत नाही.

तुम्हाला हे सगळं लिहिते आहे, कारण तुम्हाला काळजी असेल असं मला अजून वाटतं.

सुकन्या

---

अहिल्यानगर, १८ नोव्हेंबर २०२५

धनूचे पप्पा,

काल गोरक्षनाथ भाऊजी फाटकाशी आले. बरोबर दोघं मोटारसायकलवर होते, मी त्यांना ओळखत नाही.

सावेडी, रतनबाई, मुली ठेवणारं घर, हे मी फक्त तुम्हाला लिहिलं होतं. दुसऱ्या कुणाला लिहिलं नाही. छगनभाऊंना मी फोन केला. ते म्हणाले, "वयनी, पाकीट जसंच्या तसं तुमच्या मालकाच्या, वैजूच्या हातात दिलं. मी उघडलं बी न्हाई." मला त्यांचं खरं वाटतं. म्हणजे तुम्ही सांगितलंत. पत्रच दाखवलंत की तोंडी सांगितलंत, ते कळवायची गरज नाही.

भाऊजी वाईट बोलले नाहीत. हळू आवाजात बोलत होते, मुली जिन्यावरून बघत होत्या म्हणून.

"वयनी, आसं परक्याच्या दारात ऱ्हानं शोभतं का? घर हाय तुमचं केडगावला. गावाकडं लोक काय काय बोलायल्यात."

"काय बोलतात?"

"तेच. एकटी बाई, सावेडीत खोली घेऊन ऱ्हाते. कुनाच्या जिवावर ऱ्हाते."

"तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

त्यांनी मोटारसायकलवरच्या दोघांकडे बघितलं. मग म्हणाले, "पूजा गेली ती गेली. बिभीषन आत सडला तर म्हातारी मरंल. तुमी निस्तं येवढंच म्हना, की ती बेसूद हुती. खोटं काय सांगायचं न्हाई, निस्तं आठवत न्हाई म्हनायचं."

मी फाटक लावून घेतलं.

संध्याकाळी रतनबाई खोलीत आल्या. त्यांना रागावता येईना आणि गप्पही बसवेना. म्हणाल्या, "सुकन्याबाई, तुमचं खरं असेल. पण माझ्याकडे सहा पोरी आहेत. त्यांच्या आईबापांनी माझ्या भरवशावर ठेवल्यात. ती माणसं उद्या परत आली तर मी काय करू?"

मी म्हणाले, "बुधवारी सकाळी निघते. तेवढं राहू द्या." त्या मग बरं म्हणाल्या आणि खाली जाऊन त्यांनी फाटकाला कुलूप घातलं. मी त्यांना दोष देत नाही. धनू अशा घरात राहत असती तर मलाही हेच हवं असतं.

आता तुमच्याशी बोलायचं ते बोलते. दीड वर्ष झालं, आपण एका घरात राहतो आणि यावर बोललो नाही.

सगळी वस्ती म्हणते की पूजा कांदाचाळीच्या शिडीवरून पडली. तुम्हीही पोलिसांना तेच सांगितलंत, आणि दवाखान्यात नेईपर्यंत ती शुद्धीवर नव्हती हेही. मी दुसरं सांगितलं. घरात सगळ्यांनी धरलं की बाईमाणूस आहे, घाबरून बोलली, कोर्टात फिरेल. दीड वर्ष आत्याबाई माझ्याशी गोड वागल्या त्या यासाठीच.

दवाखान्यात नेताना आपल्या टेम्पोत मागं मी आणि ती, दोघीच होतो. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तुम्ही चालवत होता. केबिनच्या मागची काच तुम्ही उन्हाळ्यात काढून ठेवता, त्या दिवशीही काढलेली होती. ती म्हणाली, "ताई, मी पडले न्हाई. ह्यांनी पाइपानं मारलं. आईला फोन केला म्हनून. पोरीला माझ्या आईकडं पोचवा." एवढं बोलायला तिला जामखेडच्या अलीकडचा सगळा घाट लागला.

आणि तुम्ही गाडी हळू केलीत. पुढून म्हणालात, "पूजा, बोलू नको. दम लागंल."

धनूचे पप्पा, बेशुद्ध माणसाला कुणी बोलू नको म्हणत नाही.

तुम्ही ते मायेनं म्हणालात, हे मला माहीत आहे. तुमचा आवाज मी ओळखते. तुम्ही तिला धाकट्या बहिणीसारखी वागवायचा, तिला जोडवी घ्यायला जामखेडला तुम्हीच घेऊन गेला होता. म्हणून तर मला हे सहन होत नाही. तुम्हाला काहीच वाटलं नसतं तर मी तुम्हाला सोडून दिलं असतं आणि मोकळी झाले असते.

तुम्ही काय बोलावं ते मी सांगत नाही. तुमचीही साक्ष त्याच दिवशी आहे असं वकील मॅडम म्हणाल्या. मला विचारलं की पुढं बसलेल्यानं ऐकलं का, तर मी जे झालं ते सांगणार. आधी कळवावं म्हणून लिहिते आहे. छगनभाऊंना सांगितलं आहे की आजच पाकीट तुमच्याकडे पोचवा, म्हणून हे पोस्टानं न टाकता जामखेडच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देते आहे.

सुकन्या

---

अहिल्यानगर, २० नोव्हेंबर २०२५

धनूचे पप्पा,

काल जे झालं ते तुम्ही पाहिलं आहे. तरी लिहिते. तुम्ही माझी साक्ष चालली तेव्हा बाहेर होता, आत काय झालं ते तुम्हाला दुसऱ्यांनी त्यांच्या परीनं सांगितलं असेल.

मी पिशवी घेऊनच कोर्टात गेले, कारण खोली सोडली होती. पिंजऱ्यात चढताना पिशवी कुठं ठेवू असं मी शिपायाला विचारलं, तेव्हा लोक हसले. ती मी पायाशी ठेवली.

सरकारी वकील मॅडमनी विचारलं ते मी नीट सांगितलं. मला वाटलं होतं मी अडखळेन. पूजाचं बोलणं सांगताना अडखळले नाही. तिनं जसं म्हटलं तसंच म्हटलं, "ह्यांनी" हा शब्दसुद्धा. जज्जसाहेबांनी विचारलं, "ह्यांनी म्हणजे कोणी?" मी बिभीषण भाऊजींकडे बोट केलं. ते खाली बघत होते.

मग त्यांचे वकील उठले. ते आधी पूजाबद्दल काही विचारतील असं मला वाटलं. त्यांनी माझ्याच राहण्यावर सुरुवात केली.

"तुम्ही सध्या कुठे राहता?"

"सावेडीत."

"कोणाकडे?"

"खोली घेऊन राहते. मुलींच्या घरात."

"मयताच्या आईचा मुक्काम भिंगारला आहे, हे तुम्हाला माहीत आहे?"

"हो."

"तिथं किती दिवस राहिलात?"

"एकदाही गेले नाही."

त्यांनी हातातले कागद चाळले. त्यांना वाटलं होतं मी भिंगारला असेन. मग म्हणाले, "तुमच्या नवऱ्याचा चुलत भाऊ केडगावला राहतो. स्वतःचं घर आहे. ते सोडून तुम्ही परक्या घरात का राहिलात?"

"तिथं राहिले असते तर साक्ष कशी द्यायची ते मला शिकवलं असतं."

"असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"धनूच्या पप्पांनीच. एसटीत बसवताना. वकील सांगतील तसं बोल, म्हणाले."

कुणीतरी मागं खाकरलं. जज्जसाहेबांनी लिहून घ्यायला सांगितलं. वकिलांचा चेहरा उतरला. मग त्यांनी दुसरीकडून घेतलं. नवऱ्याला न सांगता शहरात एकटी राहणारी बाई, कोण येतं, कोण जातं, पैसे कोण देतं. मी उभी होते. अंगावरून कुणीतरी घाण पाणी टाकत आहे आणि आपण पुसायचं नाही, असं वाटत होतं. शेवटी जज्जसाहेबांनीच त्यांना अडवलं, म्हणाले, पुढचं विचारा.

पुढचं त्यांनी विचारलं. "टेम्पो तुमचे पती चालवत होते. त्यांनी हे ऐकलं असतं ना? मग त्यांनी पोलिसांना का सांगितलं नाही?"

ते त्यांनी विचारायला नको होतं. मी सांगितलं की तुम्ही गाडी हळू केलीत आणि काय म्हणालात. तुमचं नाव घेताना माझा आवाज फाटला. कोर्टात पहिल्यांदा तेव्हाच.

दुपारी तुमचं नाव पुकारलं. आत बसायची मला परवानगी मिळाली. तुम्ही पांढरा शर्ट घातला होता, धनूनं दिवाळीला आणलेला. तुमच्याकडे बघताना मला अजून वाटत होतं की तुम्ही सांगाल. मॅडमनी विचारलं, "पूजा काही बोलली का?" तुम्ही वर पंख्याकडे बघितलंत. म्हणालात, "टेम्पोचा आवाज लई हुता, साहेब."

"तुम्ही तिला, बोलू नको, असं म्हणालात का?"

"आवाज लई हुता."

दोनदा तेच. खोटं म्हणावं तर तेही नाही, टेम्पोचा आवाज होताच. तुम्ही अशी जागा शोधलीत की जिथं तुम्हाला कुणी पकडू शकत नाही. मॅडमनी तुम्हाला फितूर म्हणून जाहीर करायला सांगितलं आणि तुम्ही खाली उतरलात.

बाहेर लिंबाखाली तुम्ही माझी वाट बघत थांबलात, ते मला बरं वाटलं. मी खोटं लिहीत नाही. तुम्ही म्हणालात, "माझं नाव का घेतलंस?"

"विचारलं म्हणून."

"आईनं माझ्या पायावर डोकं ठेवलं, सुकन्या. जन्मदातीनं. काय करायचं मानसानं?"

आत्याबाई तुमच्या पाया पडतात हे चित्र मला सोसवेना. मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, देवालाच ठाऊक.

तुम्ही म्हणालात, "चल. वस्तीवर नगं, जामखेडला खोली करू. दोघंच राहू."

मी विचारलं, "पूजा बोलली होती का?"

"मला काय इचारतीस? तुला ठावं हाय."

"मला नका सांगू. त्या तिथं छबूबाई बसल्यात. पोरीला बिस्कीट चारतायत. त्यांना जाऊन एवढंच सांगा की होय, बोलली होती. कोर्टात नको, कागदावर नको. नुसतं त्यांच्या कानात सांगा. मग मी आत्ता तुमच्याबरोबर येते."

तुम्ही छबूबाईंकडे बघितलंत. पंधरा-वीस पावलांवर होत्या. मला वाटलं, निघालात. एक पाऊल टाकलंतही. मग गोरक्षनाथ भाऊजींनी लांबून हाक मारली आणि तुम्ही वळून गेलात.

मी पिशवी घेऊन तिथंच उभी राहिले. मग छबूबाई आल्या. माझ्या साक्षीच्या वेळी त्या मागच्या बाकावर होत्या. त्यांनी लेकीचं शेवटचं बोलणं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, पोलिसांनी त्यांना ते कधी वाचून दाखवलं नव्हतं. मला वाटलं त्या रडतील किंवा मला बोलतील. त्या म्हणाल्या, "पोरीचं नाव घेतलं व्हतं तिनं?"

"घेतलं. आईकडं पोचवा म्हणाली."

"पोचली," त्या म्हणाल्या. मग माझ्या हातातली पिशवी घेतली. "आता चाल भिंगारला. आता कुनी काय म्हनायचं न्हाई."

हे पत्र तिथूनच लिहिते आहे. खोलीत पाच माणसं आहेत. पूजाची मुलगी माझ्याकडे पाठ करून बसली आहे, पण मघाशी तिनं मला पाणी मागितलं.

सुकन्या

---

अहिल्यानगर, २५ फेब्रुवारी २०२६

धनूचे पप्पा,

तीन महिने मी लिहिलं नाही. काल निकाल लागला, तो तुम्हाला कळला असेल. बिभीषण भाऊजींना दहा वर्षं झाली. वकील मॅडम म्हणाल्या, वरच्या कोर्टात जातील, पण माझी साक्ष टिकली. साक्षीदार दोन्ही पक्षांपासून लांब, स्वतःच्या सोयीनं राहत होती, असंही निकालात आहे म्हणे. ज्या राहण्यावरून मला गावभर बोललं गेलं, त्याच्यावरच माझ्यावर विश्वास ठेवला गेला. मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. घरी येऊन मी आत्याबाईंचा विचार करत बसले. त्यांचा एक मुलगा आत आणि एक सून अशी. त्यांना जेवण जातं का, कळवा.

पूजाच्या मुलीला घेऊन छबूबाई गावी गेल्या. जाताना पोरीनं मला हात केला.

मी आता सावेडीतच एका खाणावळीत चपात्या करते. रतनबाईंनीच ते काम लावून दिलं. त्या एकदा भिंगारला आल्या, दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मी तुम्हाला तेव्हा काढायला नको होतं." मी म्हणाले, "तुम्ही बरोबर होता." मग त्यांनी कामाचं सांगितलं. भिंगारहून रोज येणं-जाणं फार होतं, म्हणून गेला आठवडाभर मी खोली बघत होते. लॉजवर किल्लीसाठी उभी राहिलेली मी आता गल्ल्या हिंडून, नळ उघडून बघून, शेजारी कोण आहे ते विचारून जागा बघते. दोन ठिकाणी मीच नाही म्हणाले.

छगनभाऊंचा फोन आला होता. म्हणाले, वैजूचं मन घरात लागत नाही, तो टेम्पो घेऊन नगरला यायचं म्हणतो, मार्केट यार्डात धंदा लागेल, वयनीला विचारायला सांगितलंय. तुम्ही स्वतः विचारलं नाहीत, पण विचारलंत हे खरं. ते ऐकून मी फोन ठेवला आणि बराच वेळ पिठात हात तसेच ठेवून बसले.

मला तुमची आठवण येते. संध्याकाळी कुठला टेम्पो गल्लीत वळला की मी दाराकडे बघते. सव्वीस वर्षं अशी पुसून जात नाहीत. तुम्ही मला कधी मारलं नाहीत, तुमच्या घरात मला कुणी मारू दिलं नाहीत. पण शेजारच्या खोलीत पूजाला मार बसायचा तेव्हा आपण दोघंही जागे असायचो, आणि तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचात. आता मला वाटतं की तुमच्याबरोबर राहिले तर मीही तो आवाज ऐकत राहीन.

तुम्हाला यायचं असेल तर आधी छबूबाईंच्या गावी जा. रस्ता तुम्हाला माहीत आहे, पूजाला आणायला तुम्हीच गेला होता. त्यांच्या ओट्यावर बसा आणि सांगा. मी बरोबर येणार नाही, आणि तुम्ही गेलात की नाही ते छबूबाईंना विचारणारही नाही. तुम्ही येऊन मला सांगाल तेच धरीन.

आज खोली पक्की केली. मालकीणबाईंकडे दोन रिकाम्या आहेत. म्हणाल्या, "मिस्टर येणार असतील तर पुढची घ्या, मोठी आहे, खाली टेम्पो लावायलाही जागा आहे. एकट्याच असाल तर मागची." त्यांना टेम्पोचं कसं कळलं असं मला वाटलं, मग आठवलं, बोलता बोलता मीच सांगितलं होतं.

दोन्ही खोल्या मी नीट बघितल्या. पुढच्या खोलीत जरा जास्त वेळ थांबले. मग मागची घेतली.

सुकन्या